माणूस उठायच्या आत

एखादी गोष्ट समजावून सांगायला किती वेळ घ्यावा, याचा सरांइतका विचार केलेला माणूस मी पाहिला नाही. मधल्या सुट्टीत ते वाचनालयात यायचे, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "बाई, ऐका. कंटाळा आला की सरळ उठून उभ्या राहा. भीड धरू नका." मग ते बोलायला लागायचे. मी पुस्तकांना कव्हरं घालत ऐकायची. कोळसा, पेट्रोल, सिमेंटच्या भट्ट्या, मेंढ्या. मी कधी उठले नाही, पण माझी नजर जरा खिडकीबाहेर गेली की ते थांबायचे. "गेला. इथं माणूस उठून गेला," असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि चहा न घेताच वर्गावर जायचे. दुसऱ्या दिवशी तेच, थोडं छाटून, पुन्हा.

शिक्षकांच्या खोलीत म्हणत, सरांना ऊन बाधलंय. मला कारण ठाऊक होतं. जो माणूस खरोखर उठून गेला होता, त्याच्या समोर सरांच्या शेजारी मीही बसले होते.

सर विज्ञान शिकवायचे. मूळचे शहरातल्या शहागंजच्या मागच्या गल्लीतले. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे घरात संध्येचे मंत्र आणि उर्दूतले हिशेब दोन्ही एकाच माजघरात चालायचे. त्या घराची भाषा सरांच्या तोंडी शेवटपर्यंत राहिली. मुलांना ते "मियाँ" म्हणायचे, मुलींना "बीबी", आणि फळ्यावर मात्र पुस्तकी मराठी लिहायचे. लग्न केलं नाही. विधवा बहिणीबरोबर राहायचे. त्यांच्या काळ्या छत्रीवर त्या बहिणीनं पांढरं धोतर शिवून दिलं होतं. "काळं कापड ऊन पितं, पांढरं परत पाठवतं," हे ते भेटेल त्याला सांगायचे. उन्हाळ्यात ती छत्री घेऊन ते बायपासवरून चालत येताना दिसले की मुलं ओरडायची, "अंडं आलं रे, अंडं आलं!" सर छत्री जरा उंच करून सलाम घ्यायचे.

शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं आणि शाळा शहराबाहेर होती. मी नोकरीला लागले तेव्हा वाचनालयाच्या खिडकीतून बाजरी दिसायची. मग एका वर्षी बाजरीच्या जागी प्लॉटचे चुन्यानं रंगवलेले दगड आले. पुढच्या वर्षी दगडांच्या मधोमध कमानी आल्या, कमानींवर नव्या वसाहतींना दिलेली नद्यांची आणि फुलांची नावं. पाणी मात्र टँकरनं यायचं. सर त्या नव्या घरांच्या भिंतींना जाता-येता हात लावायचे, तोही तळवा नव्हे, हाताची मागची बाजू, आपण लेकराच्या कपाळाला लावतो तशी. एकदा एका बंगल्यातल्या बाईंनी हटकलं, "काय पाहिजे हो?" सर म्हणाले, "काही नाही. ऊन जाऊन दोन घटका झाल्या, तुमच्या भिंतीला अजून ताप आहे." बाईंनी फाटक लावून घेतलं.

जागतिक तापमानवाढीचा धडा आला की ते बेचैन व्हायचे. 'हरितगृह परिणाम' हा शब्द त्यांना मुळीच आवडायचा नाही. म्हणायचे, "आपल्याकडं कुणी पाहिलंय हरितगृह? पोरांना वाटतं हिरवं घर म्हणजे छान घर असणार. त्यात राहायला काय हरकत आहे?" म्हणून दरवर्षी ते नवं उदाहरण शोधत. एका मार्चमध्ये त्यांनी अख्खा वर्ग संस्थाचालकांच्या बंद गाडीपाशी नेला, ड्रायव्हरला गोड बोलून दार उघडायला लावलं आणि पोरांना एकेक करून आत डोकं घालायला सांगितलं. मीटिंग संपवून साहेब बाहेर आले तर गाडीतून नुसते पाय बाहेर.

"सर, माझ्या गाडीत काय शोधताय?"

"ऊन शोधतोय साहेब. काचेतून आत आलेलं आणि बाहेर न गेलेलं."

साहेबांना हसू आलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण सरांचं तेवढ्यावर भागलं नाही. वर्गात परतल्यावर त्यांनी पोरांना सांगितलं की हे उदाहरण अर्धंच खरं आहे. गाडीतली गरम हवा काचांमुळं कोंडून राहते, आकाशाला काच नाही. तिथं काही वायू जमिनीची ऊब पकडून ठेवतात, थोडी वर सोडतात, थोडी खाली परत पाठवतात. सरांची खोडच ही. उदाहरण द्यायचं आणि लगेच ते कुठं मोडतं तेही दाखवायचं. मी एकदा म्हटलं, "सर, पोरं लहान आहेत, तेवढं गाळलं तर चालतं." तर माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी पुस्तकाची पानं फाडली होती. म्हणाले, "बाई, गाळलेलं म्हणजे लपवलेलं."

याच हट्टापायी त्यांनी वर्गात आणखी एक चाल पाडली होती. ज्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सरांना देता येणार नाही, त्या मुलानं उरलेला तास सरांच्या खुर्चीवर बसायचं आणि सरांनी त्याच्या जागी, खाली सतरंजीवर. बहुतेक मुलं खुर्चीच्या आशेनं वेडेवाकडे प्रश्न विचारत. खरोखर खुर्ची मिळवली ती सारजानं.

सारजा सातवीत होती. तिच्या घरच्यांचा मेंढ्यांचा कळप होता. पूर्वी हे लोक उन्हाळाभर गावोगाव फिरत, शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत आणि त्या खताच्या बदल्यात धान्य घेत. सलग दुष्काळ पडला आणि इकडं रानांचे प्लॉट झाले. प्लॉटला खत कशाला हवं? मग त्यांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत पाल ठोकलं. आई-बाप बांधकामावर जायचे, आजोबा मेंढ्या बघायचा आणि सारजा शाळेत यायची. बोटांना लोकरीचा वास, दप्तर म्हणून सिमेंटच्या कंपनीची पिशवी. वाचनालयातून न चुकता पुस्तक न्यायची आणि परत करताना ते फडक्यानं पुसून द्यायची.

त्या वर्षी सरांनी घोंगडीचं उदाहरण काढलं होतं. घोंगडी स्वतः काही ऊब देत नाही, तुझीच ऊब तुला राखून देते, तशी पृथ्वीभोवती हवेची घोंगडी. सारजा उठून म्हणाली, "पर सर, आमचा आबा उन्हात बी घोंगडी घेतो. त्याला गार लागतं म्हणं."

सरांनी खडू ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "बैठो, बीबी." पुढं काही दिवसांनी त्यांनी उत्तर आणलंच. आबाच्या घोंगडीवर ऊन बाहेरच अडतं, पृथ्वीच्या घोंगडीतून मात्र ऊन सरळ आत येतं आणि ऊब बाहेर जाताना अडते, अशी घोंगडी कुणी विणलेली नाही, सबब उदाहरण मोडलं. हे सांगताना ते इतके खुश होते की मला दोन वर्ग पलीकडून आवाज आला.

मग तो दिवस आला. पुस्तकात दिलं होतं की गाड्या, कारखाने आणि वीजकेंद्रं यांच्या धुरानं हवा तापते. सरांनी ते शिकवलं आणि पुढं, पुस्तकात नसलेलंही सांगितलं. रवंथ करणारी जनावरं ढेकर देतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी. त्या ढेकरांतून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तोही ऊब धरून ठेवतो. ढेकर म्हटल्यावर वर्ग हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं ढेकर काढली. सर पुढं सांगणार होते की यात कुणाचा वाटा किती. तेवढ्यात घंटा झाली, आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून सारजाचं नाव 'ढेकर' पडलं. ती वर्गात शिरली की पोरं ढेकरा द्यायची. "ए ढेकर, तुमच्या मेंढ्यांनीच पाऊस घालवला ना?" "हिच्या बापाला सांगा, टँकरचं पाणी तुम्हीच भरा!" त्या दिवसांत वसाहतीत रोज टँकरवरून भांडणं होत होती, आणि पोरं घरी ऐकलेलं इथं बोलत. सरांनी एकदा ऐकलं तेव्हा ते भडकले आणि दोघांना उभं केलं, पण पोरांनी मग आवाज न करता नुसती तोंडं उघडायला सुरुवात केली. सारजानं उलट उत्तर दिल्याचं मी पाहिलं नाही. एकदा पुस्तक परत करताना तिनं मला विचारलं, "बाई, जनावराला ढेकर आलीच नाय तर मरतं का?" मी म्हटलं, ते सरांना विचार. तिनं हो म्हणून मान हलवली. सरांना तिनं विचारलं नाही.

एप्रिलचे शेवटचे दिवस. शाळा सकाळची झाली होती. हेडसरांची खोली वाचनालयाला लागून होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सारजाची आई तिला दंडाला धरून घेऊन आली होती. बांधकामावरून तशीच, केसांत सिमेंट. दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्या.

"कुनी शिकवलं हिला मेंढरांची तोंडं बांधाय? सांगा की. गाभण मेंढी व्हती माझी!"

आदल्या दुपारी आबाचा डोळा लागला होता. सारजानं चिंध्या घेतल्या आणि हाताला आल्या त्या मेंढ्यांची तोंडं करकचून बांधली. ढेकर बाहेर पडू नये म्हणून. आबा जागा झाला तोवर गाभण मेंढी पडली होती.

हेडसर समजुतीच्या स्वरात म्हणत होते, "हे बघा मावशी, पोरीनं घरी काय केलं, त्याचा शाळेशी..." तेवढ्यात सर वर्गावरून आले. त्यांनी त्या चिंध्यांकडं पाहिलं, सारजाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "मी शिकवलं."

मेंढी का मेली ते त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. ते त्यांनी मला नंतर सांगितलं, पुस्तकांच्या कपाटाकडं तोंड करून. भर उन्हात मेंढीला अंगातली उष्णता बाहेर टाकायची असते. ती तोंड उघडून धापा टाकते ते त्यासाठी. तोंड बांधलं तर ऊब आतच राहते. "एवढे दिवस मी उदाहरण शोधत होतो, बाई," ते म्हणाले. "हे एक कुठंही मोडत नाही."

संध्याकाळी ते मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. मी एकटा गेलो तर लांबण लावीन." आम्ही शाळेमागं पालावर गेलो. सारजाचा बाप दगडावर बसला होता. त्यानं आम्हाला पोत्यावर बसायला सांगितलं. आई चुलीपाशी होती, सारजा तिच्या पाठीमागं. तिच्या गालावर वळ होते.

सरांनी बोलायला सुरुवात केली तसं बापानं हात वर केला. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता.

"मास्तर, मला लई समजत नाय. येवढंच सांगा. आमच्या मेंढरांच्या ढेकरानं ऊन वाढतंय, हे खरं का खोटं?"

सारजा आईच्या पाठीमागून पुढं सरकली. तिची नजर सरांच्या तोंडावर होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, खोटं म्हणा. एकदाच, या पोरीपुरतं, खोटं म्हणा. सरांनी एकदा सारजाकडं पाहिलं.

"खरं आहे. पण..."

बाप उठला. "झालं तर मंग." बायकोकडं वळून म्हणाला, "पोरीला आता हात लावू नगंस. ती खरं तेच करत व्हती." आणि मेंढ्यांकडं निघून गेला.

सर मागून बोलत राहिले. की मेंढ्या हजारो वर्षं आहेत आणि ऊन बेताचं होतं. की जमिनीच्या पोटातलं काळं काढून आपण जाळायला लागलो, तिथून हे सुरू झालं. की समोरच्या कमानीआडच्या एकेका घराचा भार तुमच्या अख्ख्या कळपापेक्षा जास्त असेल, तो मी मांडून दाखवीन. ऐकणारं कुणी नव्हतं. आई चूल फुंकत होती. सारजा उठून बापाच्या मागं गेली होती. मी सरांच्या बाहीला हात लावला तेव्हा ते गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी सर मागच्या दारानं पालाकडं गेले तेव्हा तिथं चुलीचे तीन काळे दगड आणि लेंड्या होत्या. पैठणकडं गेले, एवढंच शाळेच्या चौकीदाराला माहीत होतं. धरणाचं पाणी आटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत थोडं हिरवं उगवतं, कळप तिकडं जातात.

तेव्हापासून सरांचे रविवार एसटीत गेले. पैठण, तिथून जलाशयाच्या कडेकडेनं चालत. कधी खुलताबादच्या डोंगराकडं. ती पांढरी छत्री बघून मेंढपाळांची कुत्री पिसाळायची. सोमवारी सर यायचे ते पोटऱ्यांना काटे ओरबाडलेले घेऊन आणि म्हणायचे, "वेगळीच माणसं निघाली. चहा दिला बिचाऱ्यांनी." हेडसर एकदा म्हणाले, "अहो, एका मेंढीपायी किती फिराल? नुकसानभरपाई देऊन टाका आणि मोकळे व्हा." सर म्हणाले, "मेंढीपायी नाही. माझं वाक्य अर्धं राहिलंय."

ते वाक्य माणूस उठायच्या आत संपलं पाहिजे, म्हणून वाचनालयातला तो सराव. पहिल्यांदा ते अख्खी मधली सुट्टी खायचं. मग कोळसा गळला, सिमेंट गळलं. एकदा ते फार आनंदात आले. "ऐका. मेंढ्या होत्या तेव्हा ऊन कमी होतं, गाड्या आल्या तेव्हा वाढलं." मी म्हटलं, "सर, झालं की! याहून लहान काय करणार?" त्यांचा चेहरा उतरला. "पण हे पुरतं खरं नाही. मेंढ्यांना यात साफ सोडून दिलं." आणि पुन्हा वाढवायला घेतलं. पुढं कितीतरी वर्षांनी ते जिथं येऊन थांबले ते असं होतं: "तुझ्या मेंढ्यांचा वाटा आहे, पण चिमूटभर. पोतं दुसऱ्यांचं आहे." हे त्यांनी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. कुठं मोडत नाही ना, ते तपासलं. मग ते कापायचे थांबले.

सर निवृत्त झाले, तरी अधूनमधून वाचनालयात यायचे. सारजा ज्या वर्गात बसायची त्याच्या खिडकीबाहेर आता तिसरी कमान उभी होती. पुन्हा एक दुष्काळी उन्हाळा आला. त्यांची दृष्टी मंदावली होती आणि बहीण त्यांना एकटं सोडायला तयार नव्हती, म्हणून त्या रविवारी मी बरोबर गेले. पैठणच्या अलीकडं उतरून आम्ही धरणाच्या कोरड्या पात्रात चालत होतो. जमिनीला भेगा होत्या आणि पाणी खूप लांब, एखाद्या रेघेसारखं होतं. एका पालाशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिनं छत्रीकडं बघितलं, मग माणसाकडं.

"सर?" ती म्हणाली. "सर, तुमी हितं?"

सरांनी आवाजावरून ओळखलं. ते बसलेही नाहीत. उभ्या उभ्याच, धडा म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखे हात मांडीला चिकटवून त्यांनी वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. "सारजा, तुझ्या मेंढ्यांचा वाटा आहे, पण चिमूटभर. पोतं दुसऱ्यांचं आहे."

ती हसली. खरंच हसली. "ते मला कवाच कळलंय, सर. आता मोबाइलवर समदं दावत्यात की."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर केवढी सुटका होती! मग सारजानं मुलाला कडेवरून खाली ठेवलं आणि त्याच्या केसांतली माती झटकत, वर न बघता बोलायला लागली.

"पर सर, त्या दिशी ती मेंढी तोंड उघडाया बघत व्हती. सारखी. मला वाटलं, ढेकर द्यायलीय. म्हनून मी आजून आवळलं. माझ्या मांडीवर मान टाकली तिनं. त्याला काय जवाब हाय का तुमच्यापाशी?"

सर खाली बसले. कोरड्या चिखलावर, छत्री बाजूला टाकून. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते आणि कुठल्याही प्रश्नाला, निदान चार दिवसांनी का होईना, ते उत्तर आणल्याशिवाय राहिल्याचं पाहिलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. त्या मधल्या दिवसांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही, नि वाचनालयातही आले नाहीत.

"नाही," ते तिथं बसल्या बसल्याच म्हणाले.

सारजानं मान हलवली. तिला ते ठाऊक होतं, असं मला वाटलं. तिनं पालातून तांब्या आणला, आधी सरांना पाणी दिलं, मग मला.

"बसा," ती म्हणाली. "ऊन उतरू द्या, मंग जा."

आम्ही बसलो. ऊन उतरायला फार वेळ लागला.